आलेचबाईची भाकर

आमच्या इमारतीत तिला सगळे आलेचबाई म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर कोणी वहिनी म्हणतं, कोणी ताई, आणि मी नुसतं ‘अगं’ म्हणते, कारण माझ्या पांढऱ्या केसांनी मला तेवढी सूट दिलेली आहे. हे नाव पडलं ते तिच्या तोंडच्या शब्दामुळे. वरच्या मजल्यावरून दिवसभर तोच एक शब्द जिन्यातून खाली येत असतो. सासूने हाक मारली, की "आले, आलेच!" धाकट्याला मोजा सापडत नाही, "आलेच!" दारावरची बेल वाजली, "आलेच!" एकदा दूध उतू चाललं होतं, तर तिने दुधालासुद्धा "आलेच" म्हणून सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. दूध काही थांबलं नाही.

मी तिच्या घराच्या अगदी खालच्या घरात राहते. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लोकांची बोलणी जोडून द्यायची, पण ऐकायची नाहीत, असा तिथला नियम होता. तो मी अगदी काटेकोर पाळला असं मी म्हणणार नाही. आता नवरा नाही, मुलगी लांब आहे, आणि कान तेवढे शाबूत आहेत. वरच्या घरात कोण रुसलंय, कोण जेवलं नाही, कपबशी कोणाच्या हातून गेली, हे मला घरबसल्या कळतं. शिवाय चर्चमध्ये आमचा बाक एकच. तेव्हा तिची हकीकत सांगायला माझ्याइतकं लायक माणूस दुसरं मिळणार नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

घर तिचं असं. नवरा मालाची गाडी चालवतो. वेळी-अवेळी जातो, रविवारचाही नेम नाही. माणूस चांगला, पण काहीही विचारलं तरी मान हलवतो, आणि ती होकाराची की नकाराची हे ज्याचं त्याने ठरवायचं. मोठी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. पुस्तकातून डोकं वर काढते ते फक्त भांडायला. धाकटा अजून बुटाची नाडी बांधायला शिकतोय. आणि सासूबाई. त्यांचं शरीर ठणठणीत आहे, पण डोक्यातली माणसं आणि वर्षं एकेक करून निघून चालली आहेत. कधी त्या सुनेला ओळखतात, कधी तिला कामाला ठेवलेली बाई समजतात, कधी आपली धाकटी बहीण. चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात, ओला टॉवेल उशीखाली. आणि दिवसभर हाका मारतात. हाकेला कारण नसतं. धावत जाऊन समोर उभं राहिलं, की विचारतात, "तू कशाला आलीस?"

एवढं सगळं सोडून ती कामाला जाते. तेवढा वेळ सासूबाईंजवळ कधी नवरा, कधी मुलगी, आणि कोणीच नसलं की मी. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजाच्या मशीनवर बसते. मशीन आधी काजाच्या कडा दोऱ्याने पक्क्या करतं आणि मग मधोमध सुरी पडते. शर्ट सरकवायचा, पाय दाबायचा, पुन्हा सरकवायचा. आवाज इतका, की शेजारणीशी बोलायचं तर खुणांनी. चूक करायला जागा नाही, कारण सुरी एकदा पडली की ते भोक बुजत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचं तबक बाकाबाकांतून फिरतं. ज्याने त्याने एक तुकडा उचलायचा आणि सगळ्यांना मिळेपर्यंत हातात धरून थांबायचं. मग पाळकसाहेब सांगतात तेव्हा सगळ्या मंडळीने तो एकदम खायचा. त्याआधी ते दर वेळी आठवण करून देतात, की प्रत्येकाने आपलं मन तपासून पाहावं आणि मगच हात पुढे करावा. आम्ही सगळे माना खाली घालतो. माझ्यापुरतं सांगायचं, तर मी त्या वेळात गॅस बंद केला होता की नाही हे आठवून पाहते. माझं आणि देवाचं तसं बरं चाललं आहे. तो मला फार छेडत नाही, मी त्याला छेडत नाही.

ही भाकर आलेचबाईच्या घरून येते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच करायच्या. पीठ, पाणी, थोडं तेल, चिमूटभर मीठ, आणि पीठ फुगवणारं खमीर अजिबात नाही. पातळ लाटायची, सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या म्हणजे मोडताना तुकडे सारखे पडतात, आणि ओव्हनमध्ये भाजायची. यात काही मोठी कला नाही. पण त्या घराचा एक नियम होता, आणि सुनेच्या हातात पहिल्यांदा पीठ दिलं तेव्हाच सासूबाईंनी तो तिला ऐकवला होता. कणीक मळताना बोलायचं नाही. मळता मळता आपलं मन तपासायचं. कोणाचं वाईट चिंतलं असेल, तर ते देवापुढे काढून टाकायचं. ते निघत नसेल, तर कणकेला हात लावायचा नाही.

"मंडळीच्या तोंडी जाणार आहे ते," त्या म्हणायच्या. "तुझ्या मनातली घाण त्यांच्या पोटात कशाला?"

असं कुठल्या पाळकाने कधी सांगितलं नव्हतं. तो सासूबाईंचा स्वतःचा कायदा. पण त्या मळायला बसल्या, की त्या घरात कोणी चकार शब्द काढत नसे. मला खाली फक्त ओट्यावर भांडं घासल्याचा आवाज यायचा, आणि मीसुद्धा आपोआप रेडिओ बारीक करायचे.

पुढे सासूबाईंना मीठ कोणतं आणि साखर कोणती हे कळेनासं झालं, तेव्हा भाकर सुनेकडे आली. तिने ती हौसेने घेतली. मला म्हणाली होती, "मावशी, महिन्यातून एकदा तरी तेवढा वेळ माझा. कोणी हाक मारायची नाही. मी आणि देव, बस्स." मला तेव्हाच हसू फुटत होतं, पण मी ते गिळलं. हसू याचं, की नियम सासूबाईंचा होता, आणि त्यांनाच आता तो आठवत नव्हता; हाका तर त्याच मारणार होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मला एक गोष्ट दिसली. ती नेहमी बाकाच्या कडेला बसते, उठून पळायला बरं म्हणून. त्यामुळे तबक आधी तिच्याकडे येतं, मग माझ्याकडे. त्या रविवारी मी माझा तुकडा घेतला, तबक पुढे दिलं आणि सहज पाहिलं, तर तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले. तुकडा नव्हता. मला वाटलं, नजरचूक. पुढच्या महिन्यात मुद्दाम पाहिलं. तेच. त्याच्या पुढेही तेच. आख्ख्या मंडळीची भाकर स्वतःच्या हाताने करणारी बाई स्वतः ती तोंडात घालत नव्हती.

आता हे काय माझ्या एकटीच्या नजरेला पडणार होतं? मागच्या बाकावरच्या बायकांनी तर्काचे घोडे उधळले. एकीच्या मते नवऱ्याशी बिनसलं होतं. दुसरीच्या मते ती चर्च बदलणार होती. तिसरीने तर भाकरीतच काहीतरी गडबड असेल, म्हणून करणारी खात नाही, अशी शंका काढली, आणि पुढच्या महिन्यात त्या बाकावर सगळ्याजणी तुकडा तोंडात घालण्याआधी गुपचूप हुंगून पाहत होत्या.

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते वयाने लहान आहेत, पण माणूस मनाने सरळ. एका संध्याकाळी ते तिच्या घरी भेटीला आले. मी तेव्हा वरच होते. तिने "बसा, आलेच" म्हणून त्यांना खुर्ची दिली आणि चहा ठेवायला गेली. चहा झाला, तर धाकट्याने गुडघा फोडून घेतला. गुडघा बांधला, तर मुलीला फोनचं चार्जर सापडेना. तेवढ्यात सासूबाईंनी पाळकसाहेबांना नळ दुरुस्त करणारा समजून हाताला धरून मोरीत नेलं, आणि त्या बिचाऱ्यांनी वाकून नळ पाहिलासुद्धा. शेवटी उभ्याउभ्याच त्यांनी छोटीशी प्रार्थना केली. निघताना म्हणाले, "काही बोलावंसं वाटलं तर केव्हाही या."

"हो, येईन ना," ती म्हणाली. नळ मात्र अजून गळतोच आहे.

मन तपासायचे प्रयत्न तिने केले नाहीत असं कोणी म्हणू नये. मी साक्षीदार आहे. ती मिळेल त्या फटीत बसून पाहायची. बाथरूममध्ये कडी लावून बसली, तर बाहेर रांग लागली. गच्चीवर गेली, तर टाकी भरली का ते बघून ये म्हणून खालून आरोळी आली. एकदा कामावरून परस्पर चर्चमध्ये गेली. म्हटलं रिकामं असेल, पाच मिनिटं डोळे मिटून बसू. तिथे शिपाई शिडीवर चढून दिवे पुसत होता. तिला बघून त्याला हायसं वाटलं. "बरं झालं ताई आलात, जरा शिडी धरा." ती घरी जायची वेळ होईपर्यंत शिडी धरून उभी राहिली.

मग तिने मशीनवर बसून मन तपासायचं ठरवलं, कारण तिथे आवाजामुळे हाक ऐकू येत नाही. त्या दिवशी तिने शर्टांचा एक मोठा गठ्ठा बटणपट्टीवर काजं पाडून मोकळा केला. म्हणजे दोन्ही बाजूंना काजं, बटणं लावायला जागाच नाही. कामावर देखरेख करणारे मास्तर तसे तिला मान देणारे, पण गठ्ठा पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"बाई, कुठे होतं लक्ष?"

तिला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "मन तपासत होते."

"मन घरी तपासा," मास्तर म्हणाले. "इथे शर्ट तपासा."

हे तिने मला हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा चेहरा असा झाला, की माझं हसू जागच्या जागी राहिलं. घरी तपासा! घरी कुठे?

खरं काय ते मला गच्चीवर कळलं. सासूबाईंनी चादर खराब केली होती. तिने ती धुतली आणि पिळायला दुसरं टोक मला धरायला दिलं. ती एकीकडे पीळ देत होती, मी दुसरीकडे, आणि मधून पाणी गळत होतं. माझी जीभ तशी फार वेळ गप्प राहत नाही.

"अगं, तू भाकर का घेत नाहीस?" मी विचारलं. "लोक हुंगायला लागलेत."

तिने टोक घट्ट धरलं. आणखी एक पीळ दिला. मग चादरीकडे बघूनच म्हणाली, "मावशी, मी बसते हो तपासायला. मिळेल तेवढ्या वेळात बसते. पण बसलं की एकच गोष्ट वर येते. दुसरं काही येतच नाही."

"काय येतं?"

"आई जाव्यात असं वाटतं मला."

"कुठे जाव्यात?" मी म्हटलं. मला कळलं होतं. पण माणूस कधीकधी वेळ काढायला विचारतो.

"देवाघरी," ती म्हणाली. "आणि त्यांचे हाल संपावेत म्हणून नाही. त्यांचे काही हाल नाहीत, त्या मजेत आहेत. मला मोकळं व्हायचंय म्हणून. मी देवाला सांगते, हे माझ्यातून काढून टाक. अगदी मनापासून सांगते. तेवढ्यात हाक येते, मी आलेच म्हणते, आणि उठता उठता पुन्हा तेच वाटतं. कधी संपणार हे. निघत नाही, मावशी. दर महिन्याला बघते, ते तिथेच असतं."

 सुचत नसलं की मी जे बोलते तेच बोलले. "अगं, एवढं काय? सगळ्यांनाच वाटतं असं कधी ना कधी."

"सगळ्यांना भाकर करायची नसते."

"मग नको करूस. पाळकसाहेबांना सांग, दुसरं कोणी बघा."

"आणि कारण काय सांगू? शिवाय आईंना सगळं विसरायला होतं, पण भाकरीचा तो शनिवार विसरत नाहीत. सकाळपासून पाठीमागे लागतात, पीठ चाळलंस का, पीठ चाळलंस का. नाही केलं तर रडतात." तिने चादर झटकली. "म्हणून हात लावते. हात लावल्याशिवाय सुटका नाही. निदान तोंड तरी लावत नाही. तेवढं तरी माझ्या हातात आहे."

आम्ही चादर वाळत टाकली. मला तिची दया आली, आणि रागही आला. कोणाचा ते ठरवता येईना. सासूबाईंचा म्हणावा, तर त्या खाली बसून बाहुलीसारख्या हसत होत्या.

पुढच्या महिन्यात मी ठरवलं, की यात आपण हात घातल्याशिवाय काही होत नाही. शनिवारी दुपारी मी वर गेले आणि तिला म्हटलं, "म्हातारीला मी सांभाळते. नवरा कामावर, पोरं बाहेर. तू दार लोटून घे, मळ, आणि एकदाचं काय ते तपासून टाक." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला सहलीला पाठवत होते.

मी बाहेरच्या खोलीत सासूबाईंसमोर बटणांचा डबा ओतून ठेवला. काळी एकीकडे, पांढरी एकीकडे. थोडा वेळ छान गेला. आतून भांड्याचा आवाज येऊ लागला, पूर्वी यायचा तसाच. तो ऐकल्याबरोबर म्हातारीने बटणं टाकली आणि तरातरा उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे धावले. त्या वयात त्यांचे पाय माझ्यापेक्षा बरे आहेत.

आलेचबाई ओट्याशी उभी राहून मळत होती. डोळे मिटलेले होते. सासूबाई तिच्याजवळच्या स्टुलावर बसल्या आणि तिच्याकडे निरखून पाहू लागल्या. मी दारातून खूण केली, की मला जमलं नाही, माफ कर. तिने डोळे उघडले, मान हलवली, मळत राहिली. बोलली नाही. नियम.

"झोपली का गं ती?" सासूबाईंनी हळूच विचारलं. आवाज एकदम वेगळा होता, एखाद्या मुलीसारखा. सुनेला त्या आपली बहीण समजत होत्या.

सून मळतच होती.

"सासू गं माझी. झोपली का?" त्या पुढे झुकल्या. "कधी सुटणार मी? रोज मागते देवाकडे, ने रे बाबा हिला. मळायला बसलं की तर जास्तच. गप्प राहिलं की तेच येतं डोक्यात, काय करू?" मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि खुदकन हसल्या. "कोणाला सांगू नकोस हं. उद्याची भाकर मलाच करायची आहे."

भांड्याचा आवाज थांबला.

मला तर वाटलं, आता नाचावं. म्हातारीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं! ज्या बाईने कायदा केला, तिच्याच मनात तेच होतं, आणि तसंच मनात ठेवून तिने मंडळीला वर्षानुवर्षं भाकर खाऊ घातली होती, आणि कोणाचं पोट दुखलं नव्हतं. "ऐकलंस?" मी म्हटलं. "अगं, ऐकलंस ना?"

ती कणकेत बोटं रुतवून उभी होती. "म्हणजे त्यांनाही जमलं नव्हतं," ती म्हणाली.

"हो ना! मग तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मावशी, त्यांना जमतं असं मला वाटायचं. म्हणून तर मी धडपडत होते. म्हटलं, त्यांना जमलं तर कधीतरी मलाही जमेल. थोडी उसंत मिळाली की जमेल." तिने कणकेतून बोटं बाहेर काढली. "आता कोणाकडे बघू?"

 मी तिला आनंदाची बातमी समजून जे दाखवत होते, त्याने तिची उरलीसुरली आशा काढून घेतली होती. कणीक वरून कोरडी पडायला लागली होती. तिने हात ओला केला आणि पुन्हा मळायला घेतलं. रडत होती, डोळ्यांतलं पाणी भांड्यात पडू नये म्हणून तोंड खांद्याकडे वळवून मळत होती. सासूबाई तोवर पुन्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"मीठ घातलंस का?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

रविवारी नवऱ्याला अचानक गाडीवर जावं लागलं, मुलीचा जादा तास निघाला, आणि मी एरवी घरी थांबले असते, पण सासूबाईंनीच हट्ट धरला. पांढरी साडी नेसवून मागितली. कित्येक दिवसांनी त्या चर्चमध्ये आल्या. धाकटा मुलांच्या वर्गात गेला. बाकाच्या कडेला आलेचबाई, मध्ये सासूबाई, पलीकडे मी, आणि बाकाखाली जादा कपड्यांची पिशवी, जी ती सासूबाईंना घेऊन कुठेही निघाली की बरोबर असते.

पाळकसाहेबांनी मन तपासायला सांगितलं. सगळ्या माना खाली गेल्या. त्या दिवशी मी गॅसचा विचार केला नाही. मी चोरून तिच्याकडे पाहत होते. ती काही तपासत नव्हती. नुसती बसली होती, दमलेलं माणूस बसतं तशी, समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत.

तबक आलं. तिने ते दोन्ही हातांनी सासूबाईंसमोर धरलं. सासूबाईंनी आधी एक तुकडा उचलला आणि थेट तोंडात टाकला. थांबायचं असतं हे कुठे आठवायला. लगेच दुसरा उचलला. पहिला गिळायच्या आत दुसरा जात होता, आणि त्यांना ठसका लागतो. सुनेने झटकन तबक माझ्या हातात दिलं आणि म्हातारीच्या बोटांतून दुसरा तुकडा सोडवून घेतला. आता तो तिच्याकडे. हाताळलेला तुकडा परत तबकात ठेवता येत नाही, आणि तबक तर पुढे गेलंही होतं. ती त्या तुकड्याकडे पाहत राहिली. मग मूठ मिटली.

तेवढ्यात सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "बाई, ओलं झालं," त्या मोठ्याने म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की पुढचे तीन बाक वळले. पांढरी साडी खालपर्यंत भिजली होती. सुनेने एक हात त्यांच्या कमरेत घातला, मुठीचा हात पाठीशी धरला, आणि बाजूच्या दाराने त्यांना बाहेर नेलं. पिशवी बाकाखालीच राहिली. मी ती घेऊन मागे गेले. माझा तुकडाही माझ्या हातात तसाच होता.

बाहेर भिंतीला नळ आहे, फुलझाडांना पाणी घालायचा. तिने सासूबाईंना तिथल्या कट्ट्यावर बसवलं आणि एका हाताने नळ सोडला. एका हाताने साडी वर घ्यायला गेली, तर साडी घसरली. पुन्हा प्रयत्न केला, तर म्हातारीचा तोल गेला. दोन्ही हात लागणार होते. मी अजून पायऱ्यांवर होते, माझे गुडघे पायऱ्या मोजून घेतात. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कट्टा ओला, जमीन ओली, तिच्या पदराला घाण लागलेली. तो तुकडा ठेवायला कुठे जागा नव्हती.

तिने तो तोंडात टाकला आणि दोन्ही हातांनी सासूचे पाय धरले.

मग ती थांबली. आपण काय केलं हे तेव्हा तिला कळलं असावं. नळ वाहत होता. तोंडात तुकडा, हातात म्हातारीचे पाय, आणि ती तशीच वाकलेली. मला वाटलं थुंकते की काय. पण थोड्या वेळाने तिचा जबडा हळूहळू हलायला लागला, आणि हातही.

"काय खातेस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"भाकर, आई."

"मला नाही दिलीस?"

"तुम्ही खाल्लीत. आधी तुम्हीच खाल्लीत."

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नसावं, पण त्यांनी पाय पुढे केला.

आत गाणं सुरू झालं होतं. मी माझा तुकडा पायरीवरच खाल्ला आणि पिशवी उघडली.

संध्याकाळी ती माझं भांडं परत द्यायला खाली आली. मी तिला जिन्यातच गाठलं. मला राहवेना. "मग? मिटलं ना आता?" मी विचारलं. "घेतलीस ना भाकर?"

"काय मिटलं?" ती म्हणाली. दिवसभराचा थकवा तिच्या डोळ्यांखाली उतरला होता. "पाय धूत होते ना, तेव्हाही तेच वाटत होतं. सुटावं एकदा, असं. ते मनात, आणि भाकर तोंडात. दोन्ही एकदम. काय करणार होते, मावशी? कशालाच ठेवायला जागा नव्हती."

वरून हाक आली. ती दोन क्षण कठडा धरून उभी राहिली. मग "आलेच" म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.